उघड्यावरची गॅस भट्टी आणि तिची ज्योत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात लग्नाची पंगत, गणपतीचा महाप्रसाद, गावच्या लक्ष्मीची जत्रा असं काहीही असलं की स्वयंपाक परसात नाहीतर मंडपामागे होतो. पूर्वी त्यासाठी चर खणून लाकडं पेटवत. आता बहुतेक ठिकाणी तीन पायांची लोखंडी गॅस भट्टी आणि १९ किलोची टाकी असते. भट्टी भाड्याने मिळते, पण ती देणारा ज्योत लावून देत नाही. मग पातेली काळी होतात, गॅस दुप्पट जळतो आणि भात खाली लागतो. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

चांगली ज्योत ओळखायची कशी?

रंगावरून, आवाजावरून आणि भांड्याच्या बुडावरून. ज्योत निळी हवी. प्रत्येक छिद्रावर फिकट निळा, टोकदार सुळका दिसला पाहिजे आणि त्याच्याभोवती जरा गडद निळं आवरण. ती छिद्राला चिकटून जळली पाहिजे, वर तरंगता कामा नये. आवाज एकसारखा यावा, धापा टाकल्यासारखा येऊ नये. आणि पहिलं भांडं उतरवलं की बुडावर बोट फिरवून बघा. बोट काळं झालं तर ज्योत डोळ्याला कितीही निळी वाटली तरी हवा कमी पडते आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. भर उन्हात निळी ज्योत दिसतच नाही. भट्टी बंद आहे असं समजून लोक पातेलं सरकवायला जातात आणि हात भाजून घेतात. म्हणून ज्योत लावायचं काम ऊन चढायच्या आधी करा, किंवा कुणालातरी पुठ्ठा धरून सावली करायला सांगा. दिवसा चालू भट्टीजवळ नवीन माणूस आला की त्याला आधी तोंडाने सांगायचं, "पेटलेली आहे."

गॅसचा कॉक आणि हवेची चकती, आधी काय फिरवायचं?

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. कॉकने आच कमीजास्त होते. चकतीने ज्योत चांगली किंवा वाईट होते. ही दोन वेगळी कामं आहेत. आच कमी पडली म्हणून चकती फिरवली किंवा ज्योत पिवळी झाली म्हणून कॉक मोठा केला, तर दोन्ही बिघडतं.

भट्टीच्या नळीच्या तोंडाशी जेट असतं, म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा. त्यातून गॅस जोरात सुटतो आणि जाताजाता आजूबाजूची हवा नळीत ओढून घेतो. किती हवा ओढायची ते चकती ठरवते. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. एक भाग गॅस पूर्ण जळायला साधारण २४ ते ३० भाग हवा लागते. त्यातली निम्म्याच्या आसपास नळीतून आत येते, उरलेली ज्योत बाहेरून, भोवतालून घेते. म्हणून चकतीइतकीच भांड्याखालची मोकळी जागाही महत्त्वाची आहे. पातेलं थेट बर्नरवर बसवलं तर चकती पूर्ण उघडूनही ज्योत पिवळीच राहते.

लावायची रीत अशी. भांड्यात पाणी घालून ते भट्टीवर ठेवा. रिकाम्या भट्टीवर लावलेली ज्योत भांडं ठेवल्यावर बदलते. पेटवून दोन-तीन मिनिटं बर्नर तापू द्या. कॉक तुम्ही नेहमी वापरता त्या आचेवर ठेवा. चकतीचा स्क्रू सैल करून ती हळूहळू बंद करत जा. ज्योतीची टोकं पिवळी, लुसलुशीत व्हायला लागतील. आता उलट फिरवून उघडत या आणि पिवळेपणा जिथे नेमका जातो तिथून केसभर पुढे जाऊन थांबा. स्क्रू आवळा. मग कॉक एकदा मोठा आणि एकदा बारीक करून बघा. मोठ्या आचेवर ज्योत उडत नसेल आणि बारीक आचेवर आत शिरत नसेल तर चकतीला पुन्हा हात लावायची गरज नाही. चकती गरम असते, तेव्हा ती फिरवायला पक्कड घ्या.

ज्योत पिवळी होते, भांडी काळी होतात. चकती पूर्ण उघडली तरी फरक नाही.

मग हवा नळीत शिरतच नाही. आधी नळीच्या तोंडातून आत बॅटरी मारून बघा. आमच्याकडे याचं सगळ्यात मोठं कारण कुंभारमाशी. भट्टी दोन महिने पडवीत पडून राहिली की ती माशी नळीत चिखलाचं घर बांधते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. कोळ्याचं जाळंही तेवढंच नडतं. लांब तार घाला, बाटली धुवायचा ब्रश फिरवा, नळी उलटी करून ठोका. सुकलेला चिखल भसकन बाहेर पडतो.

नळी मोकळी असेल तर जेट बघा. ते नळीच्या मधोमध, सरळ रोखलेलं हवं. भट्टी टेम्पोतून आपटत आली की जेट तिरकं होतं, मग गॅस नळीच्या एका बाजूला आदळतो आणि हवा ओढली जात नाही. जेटचं भोक बुजलं असेल तर स्टोव्हच्या पिनने अलगद साफ करा. खिळा किंवा ड्रिल घालून भोक मोठं करू नका. भोक जरासं वाढलं तरी गॅस पुष्कळ वाढतो, आणि तेवढी हवा ओढायची त्या नळीची ताकद नसते. अशा भट्ट्या भाड्याच्या सामानात सर्रास सापडतात. मोठ्या ज्योतीची आणि काळ्या बुडाची भट्टी दिसली की जेट बदलून मागा.

टाकी संपत आली की ज्योत मंद आणि लालसर होते, तेही लक्षात ठेवा. हलका प्रोपेन आधी निघून जातो आणि जड भाग मागे राहतो. त्यासाठी चकती फिरवू नका, टाकी बदला.

निळ्या ज्योतीत मधूनच नारिंगी चमक येते. बिघाड आहे का?

नाही. मिठाचं पाणी उतू गेलं, हळद उडाली, धूळ आली की अशी चमक येते. मिठातलं सोडियम जळताना पिवळं-नारिंगी दिसतं. बर्नर गार झाल्यावर तारेच्या ब्रशने घासा, एवढंच.

ज्योत छिद्रापासून उचलली जाते आणि भरभर आवाज करते.

हवा जास्त झाली आहे किंवा दाब जास्त आहे. आधी चकती थोडी बंद करा. तरीही उडत असेल तर रेग्युलेटरचा दाब कमी करा. अशी ज्योत ऐकायला जोरदार वाटते, पण तिची बरीचशी धग भांड्याच्या बाजूने निघून जाते, आणि वाऱ्याच्या एका झोताने ती विझते. सकाळी गार बर्नरवर ज्योत थोडी उचलली गेली तर घाईने काही करू नका. लोखंड तापलं की ती खाली बसते.

आच बारीक केली की "फट्" आवाज होऊन ज्योत नळीत जळायला लागते.

ताबडतोब गॅस बंद करा. ज्योत जेटपाशी जळत राहिली तर नळी लाल होते आणि पुढे रबरी पाइपापर्यंत धग पोचते. गॅस फार हळू येत असला आणि त्यात हवा भरपूर मिसळलेली असली की ज्योत छिद्रातून मागे शिरते. मोठ्या भट्टीवर दुधासारखी मंद आच धरायला गेलं की हे हमखास होतं. बर्नर पूर्ण गार होऊ द्या, चकती थोडी बंद करा, मग पुन्हा पेटवा. मंद आच वारंवार लागत असेल तर दोन कड्यांची भट्टी घ्या, जिच्यात आतली आणि बाहेरची कडी वेगळ्या कॉकवर चालते. फक्त आतली कडी पूर्ण जोराने चालवून जी मंद आच मिळते, ती मोठा बर्नर मारून मुटकून बारीक केल्यापेक्षा कितीतरी स्थिर असते.

वारा लागला की ज्योत एकीकडे झुकते. काय करावं?

जून ते ऑगस्ट पश्चिमेकडचा वारा आमच्या माळावर थांबत नाही. येळ्ळूर, कडोलीकडच्या मोकळ्या शिवारात तर चहाचं आधणसुद्धा लवकर येत नाही. लोक यावर गॅस वाढवतात. वाढवलेला गॅस वाऱ्याबरोबर जातो.

आडोसा करा, पण तीन बाजूंनीच. वाऱ्याकडची बाजू आणि तिच्या शेजारच्या दोन बाजू झाका, वारा जिकडे जातो ती मोकळी ठेवा. जाड पत्रा उत्तम. तो भट्टीपासून निदान वीतभर दूर असावा आणि जमिनीपासून चार बोटं उचललेला असावा, म्हणजे खालून हवा येत राहते. पत्र्याची उंची भांड्याच्या बुडापेक्षा थोडी जास्त, इतकीच. सगळीकडून गुंडाळलं तर ज्योतीला हवा मिळत नाही आणि कॉक, पाइप भाजून निघतात.

टाकी आडोशाच्या आत कधीही घेऊ नका. ती भट्टीपासून पाइपच्या पूर्ण लांबीइतकी दूर, बाहेरच्या बाजूला, वारा जिकडून येतो त्या बाजूला हवी, म्हणजे धग तिच्यावर येणार नाही. खानापूरकडे जांभ्या दगडाचे चिरे हाताशी असतात म्हणून तेच लावतात. कोरडा चिरा चालतो. पावसात भिजलेला चिरा ज्योतीजवळ ठेवला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन त्याचे टवके उडू शकतात.

टाकीवर बर्फ साठतो आणि ज्योत मंद होत जाते. टाकी भरलेली असूनही असं का?

टाकीत गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ होते तीच आपण जाळतो. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती टाकीच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून येते. मोठी भट्टी जितक्या वेगाने वाफ ओढते तितक्या वेगाने बाहेरून उष्णता आत शिरत नाही. मग आतला द्रव थंड पडतो, दाब उतरतो आणि टाकीवर द्रवाच्या पातळीपर्यंत दव, मग बर्फ धरतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बेळगावात हे लवकर होतं. त्यात आपल्या गॅसमध्ये ब्यूटेन पुष्कळ असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांवरही उकळतो, ब्यूटेन मात्र शून्याच्या जवळपास. द्रव गार पडला की ब्यूटेन वर यायला तयारच नसतो.

उपाय म्हणजे दोन टाक्या एकत्र जोडून भार वाटून घेणं. जोडणीचं सामान एजन्सीकडूनच घ्या. तोवर मोठं काम एका वेळी एकाच टाकीवर काढायचं झालं तर दोन टाक्या आलटून पालटून वापरा. एक वापरात असताना दुसरी हवेत उभी राहून पूर्ववत होते. टाकीवर विहिरीचं साधं पाणी ओतलं तरी बर्फ जातो, कारण थंडीत ते पाणी हवेपेक्षा उबदार असतं.

दोन गोष्टी मात्र मी कुणाला करताना बघितल्या तर तिथल्या तिथे थांबवतो. एक, टाकी आडवी पाडणं. आडवी टाकी वाफेऐवजी द्रव सोडते. एका लिटर द्रवाची साधारण २५० लिटर वाफ होते, तेव्हा भट्टीतून जो भडका उठतो तो मंडपापर्यंत जातो. दुसरी, टाकीखाली निखारे किंवा उकळतं पाणी ठेवणं. "आमच्याकडे वर्षानुवर्षं करतात, काही होत नाही," असं सांगणारे भेटतील. तरीही थांबवा.

घरच्या शेगडीचा रेग्युलेटर मोठ्या भट्टीला चालेल का?

भट्टी कुठल्या दाबाची आहे त्यावर ठरतं. घरचा रेग्युलेटर फार कमी आणि ठरलेला दाब देतो. हाय प्रेशरच्या भट्टीला तो लावला तर ज्योत जेमतेम उगवते. उलट प्रकार धोक्याचा आहे. कमी दाबाच्या भट्टीला हाय प्रेशर रेग्युलेटर लावला तर तिच्या मोठ्या जेटमधून प्रमाणाबाहेर गॅस सुटतो. रेग्युलेटर, पाइप आणि भट्टी एकाच दाबाची हवीत. हाय प्रेशरला घरची रबरी नळी लावू नका, जाळीचा पाइप आणि दोन्ही टोकांना क्लिप लावा. पाइप वाकवून त्यावर चिरा दिसतात का ते बघा.

महाप्रसादाला घरघरच्या टाक्या गोळा केल्या तर?

नियमात बसत नाही. १४.२ किलोची टाकी घरच्या स्वयंपाकासाठीच आहे. पंगतीला, मंडळाला १९ किलोची कमर्शियल टाकी घ्यायची. परवान्याशिवाय एका जागी १०० किलोपेक्षा जास्त गॅस ठेवता येत नाही, म्हणजे १९ किलोच्या पाच टाक्या, सहावी नाही. मोठ्या मंडळांनी हे आधी धरून चालावं. टाक्या स्टेजखाली, मूर्तीमागे किंवा पडद्याआड लपवून ठेवण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी.

कुंदा (दूध आटवून केलेली बेळगावची मिठाई) भट्टीवर करायचा आहे. आच कशी धरायची?

हा प्रश्न आला की मला खरंच आनंद होतो, कारण ज्योत कळली का याची खरी परीक्षा कुंद्यात होते.

दहा लिटर म्हशीचं दूध आटवायचं म्हणजे सात-साडेसात लिटर पाणी वाफेवाटे घालवायचं. त्याला साधारण पाऊण ते एक किलो गॅस लागतो. घाई केली तर गॅस वाचत नाही, दूध मात्र जळतं. कढई जाड बुडाची आणि पसरट घ्या. ज्योत कढईच्या बुडाखालीच राहिली पाहिजे. ती कडेने वर चढली तर दुधाच्या पातळीच्या वर कढई कोरडी तापते. तिथे दुधाची कड वाळून काळी होते आणि तिचे कण खाली पडून सगळ्या कुंद्याला जळका वास लागतो. कढईच्या बाहेर ज्योतीचं टोक दिसलं की कॉक कमी करायचा, हे डोक्यात पक्कं ठेवा.

पहिली उकळी येईपर्यंत आच मोठी चालते. उकळी आल्यावर दूध फसफसून वर येतं त्या क्षणी आच निम्मी करा आणि उलथणं बुडाला टेकवून फिरवत राहा. दूध निम्म्यावर आलं की आच आणखी कमी. ते घट्ट होऊन बुडबुड्यांचा आवाज बदलतो, "पुळूक पुळूक" व्हायला लागतं, तेव्हा फक्त आतली कडी ठेवा. या टप्प्यावर पाणी कमी आणि खवा जास्त असतो, त्यामुळे उष्णता वाफेत न जाता थेट खव्याला लागते. मघाची तीच आच आता जाळते. साखर घातली की मिश्रण पुन्हा सैल होतं आणि अनेकजण तेव्हा आच वाढवतात. वाढवू नका. कुंद्याचा तांबूस रंग आणि तो खमंग वास मंद आचेवर, सतत परतूनच येतो. मोठ्या आचेवर रंग पाच मिनिटांत येईल, पण सोबत कडवटपणाही येईल.

शेवटी गॅस बंद केल्यावरही जाड कढई बराच वेळ परतत असते. हवा तो रंग यायच्या थोडं आधीच बंद करा.

आजी म्हणते मांडे गॅसवर होतच नाहीत. खरं आहे का?

आजीचं म्हणणं निम्मं खरं. मांडा हातावर ताणून उलट्या घातलेल्या भांड्यावर टाकतात. तो पातळ कागदासारखा असतो आणि काही क्षणांत भाजतो. लाकडाच्या विस्तवाची धग भांड्याला सगळीकडून सारखी लागते. गॅसची ज्योत मध्यावर केंद्रित होते, त्यामुळे मांड्याचा मधला भाग करपतो आणि कड कच्ची राहते. यावर भट्टीच्या फक्त बाहेरच्या कडीवर भांडं तापवायचं, ज्योत आखूड ठेवायची आणि भांडं तिपाईवर थोडं उंच घ्यायचं, म्हणजे ज्योतीची टोकं पत्र्याला टेकत नाहीत आणि गरम हवा आतून सगळीकडे पसरते. भांडं तापायला वेळ द्या. आधी एक साधी पोळी टाकून बघा. तिच्यावर डाग कुठे उमटतात त्यावरून आच कुठे जास्त आहे ते कळतं.

शंभर लिटर पाणी उकळायला किती गॅस धरायचा?

हिशेब सोपा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९७-९८ अंशांवरच उकळतं. २५ अंशांच्या पाण्याला तिथवर न्यायला लिटरमागे सुमारे ७२ किलोकॅलरी, म्हणजे शंभर लिटरला ७,२०० लागतात. एक किलो गॅसमध्ये ११,००० च्या आसपास असतात. पण उघड्यावर निम्मी उष्णता भांड्यात गेली तरी चांगलं म्हणायचं. म्हणून सव्वा ते दीड किलो धरा. झाकण ठेवलं नाही किंवा आडोसा केला नाही तर याच्याहून जास्त लागेल.

गोव्याहून आणलेली भट्टी इथे जरा पिवळी पेटते. भट्टी खराब निघाली का?

चोर्ला घाट चढून वर आलं की हवा आठ-नऊ टक्के विरळ होते. किनाऱ्यावर जमवलेल्या चकतीतून इथे तेवढी हवा मिळत नाही. चकती थोडी उघडा. भट्टी चांगली आहे.

परदेशात असलेला पुतण्या अशाच बर्नरवर घरी बिअर करतो. इथे करता येईल का?

नाही. कर्नाटकात परवान्याशिवाय मद्य तयार करणं १९६५ च्या अबकारी कायद्याने गुन्हा आहे, मग ते घरच्यासाठी असलं तरी. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली, म्हणून तिकडे परसात प्रोपेनच्या बर्नरवर ते चालतं. ज्योतीचं तंत्र मात्र तेच आहे. जवाच्या माल्टचा अर्क पहिल्या उकळीला दुधासारखाच फेसाळून उतू जातो, तेव्हा तेही त्याच क्षणी आच कमी करतात आणि मग तासभर एकसारखी उकळी धरतात. पुतण्याला एवढं विचारा की बर्नर गॅरेजमध्ये लावतो का. लावत असेल तर त्याला पुढचं उत्तर वाचून दाखवा.

पाऊस आला. भट्टी शेडमध्ये घेतली तर?

चारही बाजूंनी मोकळ्या, उंच पत्र्याच्या शेडमध्ये घ्या. भिंती असलेल्या खोलीत, गोठ्यात किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात घेऊ नका. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला डोकं जड झाल्यासारखं वाटतं आणि तो बसल्या जागी बेशुद्ध होतो. जांबोटी, कणकुंबीच्या पावसात दार लावून घ्यावंसं वाटतं हे मान्य आहे. स्वयंपाक उशिरा झाला तर पंगत उशिरा बसेल, दार मात्र उघडंच राहू द्या. ताडपत्री बांधायची तर भट्टीच्या बरोबर वर बांधू नका, आणि तिच्यात साचलेलं पाणी काढत राहा. एकदम फाटून ते तापलेल्या तेलाच्या कढईत पडलं तर तेल चहूकडे उडतं.

आमटी उतू जाऊन ज्योत विझली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. वास आल्यावर काय करायचं?

काडी ओढू नका, जवळची गाडी सुरू करू नका, मंडपाच्या दिव्यांच्या बटणांना हात लावू नका. टाकीचा वॉल्व्ह बंद करा आणि माणसांना वारा जिकडून येतो त्या बाजूला न्या. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि चर, गटार, विहिरीकडचा उतार असा खोलगट भाग शोधतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून टाकी खड्ड्यात पुरून उभी करू नये, "हलत नाही" म्हणून लोक तसं करतात. वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पेटवू नका. गळती थांबत नसेल तर १९०६ या क्रमांकावर फोन करा, तो गॅसच्या तक्रारींसाठी चोवीस तास चालू असतो. आग लागली तर १०१ किंवा ११२.

या भट्ट्यांना ज्योत विझल्यावर आपोआप गॅस बंद करणारी सोय बहुधा नसते. म्हणून चालू भट्टीपाशी एक माणूस नेमून दिलेला हवा, ज्याला दुसरं काहीही काम सांगायचं नाही.

गळती शोधायची तर साबणाचा फेस जोडांवर लावा. बुडबुडे आले की जोड सैल आहे.

पेटवताना आणि बंद करताना क्रम काय?

पेटवताना आधी लांब काडी किंवा पेटता बोळा बर्नरपाशी, मग कॉक हळू उघडायचा, तोंड बाजूला. बंद करताना आधी टाकीचा वॉल्व्ह, पाइपमधला गॅस जळून ज्योत आपोआप विझली की मग भट्टीचा कॉक.

भट्टी कशावर ठेवावी?

घट्ट, सपाट मातीवर. शहाबादी फरशी आणि सिमेंटचा कोबा खालून तापून तडकतो, कधी तुकडा उडतो. पर्याय नसेल तर वाळूचा जाड थर टाका. भरलेलं पातेलं ठेवण्याआधी भट्टीचे पाय दाबून बघा, एक पाय मातीत रुतला तर शंभर लिटर रस्सा कलंडतो.

सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला जातो. तिथे उघड्यावर नैवेद्य करताना काय सांभाळावं?

मार्गशीर्ष आणि पौष पौर्णिमेला डोंगरावर गाड्या, बैलगाड्या, राहुट्या एकमेकांना खेटून असतात. त्यात प्रत्येकाची चूल. मोठी हाय प्रेशर भट्टी तिथे नेऊच नये. ५ किलोच्या छोट्या टाकीवरचा साधा बर्नर पुरे. जागा निवडताना कडब्यापासून आणि दुसऱ्याच्या राहुटीपासून दूर जा, मग पाण्याची जवळीक बघा. तुमचा वारा दुसऱ्याच्या चुलीकडे जातो का हेही बघा. तुमच्याकडची गळती त्याच्या विस्तवावर पेटेल. डोंगरावर वाऱ्याची दिशा दिवसात बदलते, सकाळी लावलेला पत्रा संध्याकाळी फिरवावा लागतो. साडीचा पदर खोचून, सुती कपड्यात भट्टीपाशी बसावं, आणि पोरांना दोन हात लांब ठेवावं. ओल्या पोत्याचा तुकडा जवळ असू द्या.

हंगाम संपल्यावर भट्टी कशी ठेवायची?

बर्नर तारेच्या ब्रशने घासा, छिद्रं पिनने मोकळी करा, पाण्याने धुतलं तर उन्हात कडकडीत वाळवा. लोखंडावर तेलाचा हात फिरवा, पण जेटला तेल लागू देऊ नका. नळीच्या तोंडाला आणि बर्नरला जुनं कापड घट्ट बांधा, कुंभारमाशी तिथूनच आत जाते. पाइप गुंडाळताना मोडू नका, आणि उंदरांपासून दूर टांगा, रबर ते कुरतडतात. दिवाळीनंतर पहिल्यांदा काढाल तेव्हा कापड सोडून, बॅटरी मारून, फेस लावून मगच पेटवा.